तिसऱ्यांदा परत आलेली टकटक: जुन्या गाडीचं सस्पेन्शन कमी पैशांत दुरुस्त करताना

गाडी १४ वर्षांची, छोटी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. तक्रार अशी: ताशी २०-२५ किलोमीटरने उखडलेल्या रस्त्यावरून जाताना पुढच्या डाव्या चाकाशी टकटक. मोठ्या खड्ड्यात फारसा आवाज नाही, पण बारीक उंचसखल रस्त्यावर कुणी पत्र्यावर बोटांच्या पेरांनी वाजवतंय असं वाटायचं. ब्रेक दाबला की एक ‘ठक’, ब्रेक सोडून गाडी पुढे काढली की आणखी एक. मोठ्या रस्त्यावर स्टिअरिंग सारखं थोडं थोडं सावरावं लागे, आणि डावा टायर आतल्या कडेने झिजत चालला होता.

पहिल्या खेपेला लिंक रॉड बदलले, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणारी, दोन्ही चाकांना जोडणारी पोलादी दांडी) टोकाला धरणारे छोटे दांडे. आवाज निम्मा झाला, मी त्यावर समाधान मानलं. दुसऱ्या खेपेला एका गॅरेजमध्ये ‘शॉक गेलेत’ असं ऐकलं आणि पुढचे दोन्ही शॉक (स्प्रिंगची उसळी शमवणारे शॉक अॅब्सॉर्बर) नवे टाकले. गाडी छान बसली, टकटक जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलले आणि आवाज पूर्ण गेला. चार महिन्यांनी तोच आवाज त्याच कोपऱ्यातून परत. आर्म पुन्हा खाली काढला तर नव्या बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटून आलेलं.

बुश बनावट नव्हता. तो बसवताना जी चूक झाली ती इतकी सर्रास होते की मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. पण तिथे पोचण्याआधी पहिल्या दोन खेपांचे पैसे कसे वाचले असते ते सांगतो, कारण कमी पैशांच्या कामात खरी कमाई तिथेच आहे.

आधी डिकी रिकामी करा

हे वाचून हसू येईल, पण जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याची बाटली, सगळं काढून त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. मागून येणारे अर्धे आवाज इथेच संपतात. मग बॅटरीची पट्टी घट्ट आहे का, बॉनेट नीट बसतंय का, सायलेन्सरचे रबरी हॅंगर तुटलेत का, त्याच्या वरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल आहे का, हे बघा. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

त्यानंतर ब्रेकची परीक्षा. आवाज येणाऱ्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेकच्या पेडलवर पाय नुसता टेकवा, गाडी थांबेल इतका नको. आवाज तत्क्षणी बंद झाला तर तो सस्पेन्शनचा नसून कॅलिपरमध्ये (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) सैल झालेल्या पॅडचा किंवा कॅलिपरच्या पिनचा असण्याची शक्यता जास्त. पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा कामाच्या वेळी गाळल्या गेल्या असल्या की असं होतं. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचे या आवाजापायी दोन लिंक रॉड आणि एक स्ट्रट माउंट (स्ट्रट, म्हणजे शॉक-स्प्रिंगची जोडी, वरून बॉडीला बांधणारा भाग) बदलून झाले होते.

टायरही सस्पेन्शनचाच भाग धरा. थंड टायरमध्ये हवा मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याशी पडताळा. सवयीने चार-पाच पीएसआय जास्त हवा भरून चालवणारे बरेच आहेत, आणि नंतर ‘गाडी कडक झाली’ म्हणून शॉक बदलायला निघतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होऊन कडक होतं, आणि तो कडकपणा कुठल्याही शॉकने झाकला जात नाही.

आवाज कधी येतो ते लिहून काढा

मेकॅनिककडे जाण्याआधी दोन दिवस हे करा, वहीत. ‘पुढून आवाज येतो’ या माहितीवर कुणीही अंदाजानेच भाग बदलेल, आणि त्या अंदाजाचं बिल आपल्या नावावर फाटतं.

बारीक खडबडीवर कमी वेगात सुकी, झटपट टकटक आली की संशय आधी लिंक रॉडवर आणि स्टॅबिलायझर बारच्या रबरी बुशवर. ब्रेक मारताना आणि निघताना एकेकच ठोका आला की लोअर आर्मचा बुश, कारण त्या दोन्ही वेळी चाक आर्मला पुढे-मागे ढकलत असतं. ब्रेक लावल्यावर एकच ठोका न येता स्टिअरिंग थरथरत असेल तर मात्र डिस्ककडे बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून ‘टणण्’ असा आवाज, किंवा वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुर करत असेल तर स्ट्रट माउंटमधलं बेअरिंग. गतिरोधकावरून उतरताना खालून एक जड ‘धप्प’ येत असेल तर शॉक तळाला टेकतोय किंवा त्याच्या दांड्यावरचा बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा) चुरा होऊन पडलाय.

ताशी ८०-१०० च्या आसपासच येणारी आणि वेग बदलला की जाणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, ती सस्पेन्शनच्या खाती टाकू नका. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगचीही असते आणि खवले पडलेल्या टायरचीही. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर टायर, पुढेच राहिला तर बेअरिंग.

माझ्या दोन तक्रारी खरं तर दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या. टकटक लिंक रॉडची होती, ब्रेकवरचा ठोका बुशचा. मी दोन्ही एकाच आवाजात ढकलल्या, म्हणून पहिल्या कामानंतर ‘निम्मा’ आवाज उरला. तो तिथेच ओळखला असता तर शॉकचा खर्च एक वर्ष तरी पुढे गेला असता.

चाक उचलून बघताना

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर, मागच्या चाकांना अडण, आणि वजन जॅकवर नाही तर जॅक स्टॅंडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. या एका बाबतीत काटकसर नाही.

चाकाला घड्याळ समजा. १२ आणि ६ वर हात ठेवून आत-बाहेर हलवा, मग ९ आणि ३ वर. आडवा प्ले (सैलपणा) लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा त्याच्या आतला, स्टिअरिंग रॅककडचा रॅक एंड. एका हाताने चाक हलवत दुसऱ्याने जोड धरलात तर कुठे टिचकी बसते ते बोटांना कळतं. उभा प्ले लागला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. त्या वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

बॉल जॉइंटबाबत एक खोच आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने १९४० च्या दशकात बसवलेली रचना. तिच्यात गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट वरच्या माउंटवर जातं आणि खालच्या बॉल जॉइंटवर ते वजन नसतं. म्हणून चाक मोकळं लटकवून, आर्म आणि नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) यांच्यामध्ये टॉमी (उचकायची लोखंडी पहार) घालून हळूच उचकून पाहिलं की प्ले दिसतो. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिच्यात चाक लटकवलं तर स्प्रिंगच जोडाला ताणून धरते आणि खराब जॉइंटही घट्ट भासतो. तिथे जॅक आर्मखाली लावून आधी स्प्रिंगचा ताण काढावा लागतो. ‘आम्ही हलवून बघितलं, सगळं ओके’ हे वाक्य पुष्कळदा या गफलतीतून येतं.

लिंक रॉडचं उलट. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि त्याच्या ताणाखाली सैल लिंकही हलत नाही. दोन्ही चाकं जमिनीवर असताना लिंक हाताने हलवा, किंवा दोन्ही चाकं सारखी उचला. खात्री करायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, बारला नीट बांधून, अगदी सावकाश एक छोटी फेरी. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून मोकळ्या जागेतच. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला.

आणि बुश. नुसत्या नजरेने बुशला नापास करू नका. बाहेरच्या कडेला बारीक तडे हे वयाचं लक्षण, मरणाचं नाही. टॉमीने आर्म पुढे-मागे ढकलून बघा: रबर लोखंडापासून सुटून फट उघडत असेल, किंवा आतली नळी मध्यापासून एका बाजूला ढळलेली असेल, तरच तो बाद. काही गाड्यांत बुशच्या आत द्रव भरलेला असतो. त्याभोवती ओल दिसली की तो संपला.

शॉक आणि स्प्रिंग

गाडीचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात. ती फक्त पूर्ण मेलेला शॉक पकडते. अर्धमेला शॉक तिच्यात सहज पास होतो, कारण हाताने दाबताना दांडा फार सावकाश सरकतो. साधारणपणे गाडीची बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होते, चाक मात्र खडबडीवर सेकंदाला १०-१५ वेळा उडतं. शॉकची खरी कसोटी त्या दुसऱ्या हालचालीत लागते. म्हणून टायरवर तळवा फिरवा: परिघावर ठरावीक अंतराने खोलगट खवले लागले, तर चाक रस्त्यावर टिकत नाहीये. शॉकच्या अंगावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ एवढंच असेल तर घाबरू नका, ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो बदलायचा. बदलायचे ते एका अॅक्सलचे दोन्ही.

स्प्रिंगबद्दल मात्र उगाच खर्च करायला लावलं जातं. ‘स्प्रिंग मऊ झाली’ ही समजूत चुकीची आहे. पोलादाचा कडकपणा वयाने कमी होत नाही. स्प्रिंग बसते म्हणजे तिची उंची कमी होते, किंवा ती गंजून तुटते. तेव्हा मोजा: चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत, रिकाम्या गाडीत, सपाट जागी. डाव्या-उजव्यात फरक नगण्य आणि उंची कंपनीच्या मापाजवळ असेल तर स्प्रिंगला हात लावू नका. फरक मोठा असेल तर खालच्या कपात बसलेला शेवटचा वेटोळा टॉर्च मारून बघा, तुटलेला तुकडा बऱ्याचदा तिथेच लपलेला असतो. हे आकडे वहीत राहू द्या, बुशच्या कामात ते पुन्हा लागणार आहेत.

बसलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उचलायचा स्वस्त उपाय मी केलेला नाही आणि करणारही नाही. बफर असलेला भाग काम करायचा थांबतो, सगळा भार उरलेल्या वेटोळ्यांवर येतो आणि गाडी उडायला लागते. उघडून, तेल भरून, वेल्ड मारून रंगवलेले शॉक हाही तसलाच प्रकार. आतल्या झडपा जुन्याच राहतात.

शॉक बदलायची वेळ आलीच तर स्ट्रट माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीची रबरी पिशवी बघूनच घ्या, कारण तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. मी माउंट जुनेच ठेवले होते आणि नशिबाने ते टिकले. सल्ला म्हणून हे कुणाला देणार नाही.

इथे मजुरी वाचवायचा एक सुरक्षित मार्ग आहे. अख्खा स्ट्रट स्वतः गाडीतून काढा आणि स्प्रिंग बदलायचं काम मात्र भक्कम यंत्र असलेल्या गॅरेजकडून करून घ्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा फोडेल एवढी ताकद असते. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय वरचा मधला नट कधीही सैल करू नका, आणि भाड्याच्या झिजलेल्या आट्यांच्या कंप्रेसरवर विश्वास टाकू नका. स्ट्रट काढण्यापूर्वी नकलला जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या डोक्याभोवती रंगाने खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो. नकल मोकळा झाला की तो बाहेर कलंडू देऊ नका. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते आणि काही गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निखळतो. नवा शॉक आडवा पडून आलेला असेल तर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे आतली हवा तेलातून वर निघून जाते.

बुश आणि माझी चूक

आर्मचा रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसवलेली, आतली नळी बोल्टने गाडीच्या फ्रेमला आवळलेली, आणि दोघींना चिकटलेलं मधलं रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. त्यामुळे बोल्ट आवळण्याच्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराचा ‘आराम’ ठरतो.

आता गाडी स्टॅंडवर आहे, चाक खाली लटकतंय, आणि आपण बोल्ट पूर्ण आवळला. आर्म समजा ३३ सेंटिमीटर लांब आणि बॉल जॉइंटचं टोक ९ सेंटिमीटर खाली आलेलं. गाडी जमिनीवर उतरली की आर्म जवळपास १६ अंश वर जातो आणि बुश कायमचा १६ अंश पिळलेला राहतो, उभ्या गाडीतसुद्धा. त्यात खड्डा आला की पीळ आणखी वाढतो. काही महिन्यांत रबर नळीपासून सुटतं. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. लिफ्टवर काम झालं, लिफ्टवरच हवेच्या पान्याने सगळे बोल्ट आवळले गेले, आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

उपाय साधा. सगळे बोल्ट बसवा, हाताने भिडवा, पण शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा. पिट किंवा रॅंप असेल तर उत्तम. नसेल तर मघाची वही काढा. आर्मच्या बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर तुमच्या नोंदीइतकं होईपर्यंत उचला, म्हणजे आर्म आपल्या रोजच्या कोनात येतो, आणि मग टॉर्क पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. उचलताना गाडी स्टॅंडवरून हलकी होत नाही ना, याकडे लक्ष असू द्या. काही रचनांत मागचा बुश उभ्या अक्षाचा असतो, त्याला हा पीळ तसा बसत नाही. आडव्या अक्षाच्या प्रत्येक बुशला मात्र हा नियम लागू, मागच्या अॅक्सलच्या बुशलाही.

काम गॅरेजमध्ये होत असेल तर ‘शेवटचं टाइट गाडी खाली घेऊन करा’ एवढं आधीच सांगा. माझा अनुभव असा की चांगला मेकॅनिक हे ऐकून खूश होतो. जो ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो त्याच्याकडे बुशचं काम देऊ नये.

बुश काढण्या-घालण्यासाठी प्रेस नसेल तर लांब उच्च ताकदीचा बोल्ट, जाड वॉशर आणि दोन सॉकेट पुरतात: एक बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान, दुसरं तिच्यापेक्षा मोठं. आट्यांना ग्रीस लावून पान्याने सावकाश ओढत न्या. जुनी नळी गंजून अडकली असेल तर हॅकसॉ ब्लेडने आतून एक चीर द्या, पण आर्मच्या भोकाला ओरखडा जाऊ देऊ नका. रबर जाळून बुश काढायची पद्धत विषारी धूर देते आणि आर्मलाही तापवते, ती नकोच. बुशच्या रबरात पोकळ्या असतील तर त्यांची दिशा ठरलेली असते. जुना काढण्याआधी फोटो घ्या आणि आर्मवर खूण करा. एकदा मी बुश ९० अंश फिरवून बसवला होता, तो पुन्हा काढताना वाया गेला, आणि स्वस्तातलं काम तिथे महाग पडलं. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी चालतं.

बॉल जॉइंट आर्मला रिव्हेटने जोडलेला असेल आणि बुशही गेले असतील तर हिशेब करा. दोन बुश, एक जॉइंट आणि प्रेसची मजुरी मिळून बऱ्याचदा अख्ख्या नव्या आर्मच्या जवळ जातात. अशा वेळी आर्म घ्यावा. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण रस्त्याची थरथर आत आणतात आणि सिलिकॉन ग्रीस नसेल तर करकरतात. रोजच्या गाडीत मी रबरच घेतो. भंगारातल्या गाडीचं काय घ्यावं? लोखंड घ्यावं: नकल, न वाकलेला आर्म, न तुटलेली स्प्रिंग. रबर, बॉल जॉइंट आणि शॉक घेऊ नयेत, त्यांचं वय तुमच्या गाडीइतकंच असतं.

पैसे थोडे असतील तर कुठे आधी

माझा क्रम ठाम आहे. ज्याच्या तुटण्याने चाक निखळू शकतं किंवा स्टिअरिंग हातातून जाऊ शकतं ते सगळ्यात आधी: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक एंड. यांत प्ले सापडला तर पुढच्या पगाराची वाट पाहू नका, गाडी उभी करा. मग आर्मचे बुश, कारण ते सैल असताना अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर रेघ ओढणं. मग टायर, जर खवले खोल असतील. लिंक रॉड आणि बारचे बुश आवाज फार करतात पण धोका कमी, म्हणून ते स्वस्त असले तरी माझ्या यादीत खाली; त्यांच्या आवाजाने वैताग आला असेल तर वर घ्या, मी अडवणार नाही. शॉक ओघळत असतील तर ते बुशच्या बरोबरीने, नुसते थकलेले असतील तर शेवटी.

अलाइनमेंट एकदाच, सगळं झाल्यावर. टाय रॉड एंड बदलताना जुना किती आट्या आत होता ते मोजून नवा तेवढाच घातला तरी ते केवळ अलाइनमेंटच्या मशिनपर्यंत गाडी न्यायला पुरतं. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. छोट्या गाड्यांत पुष्कळदा पुढचा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) एवढंच बदलता येतं, तेव्हा कॅम्बर हद्दीबाहेर दिसला तर तो ‘सेट’ होणार नाही. काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं आहे.

काम झालं तरी आवाज

नवी लिंक टकटकतेय? तिचा नट आवळताना आतला बॉलच फिरत राहिला असेल. दांड्याला अॅलन चावीने धरून पुन्हा आवळा. बॉल जॉइंटचा नट फिरतो पण घट्ट होत नाही? त्याचा निमुळता भाग भोकात बसलेला नाही, खालून जॅकने दाबून धरा. कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालायची पिन) भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नका, थोडा पुढे आवळून जुळवा. बारचा बुश नवीन असून खेळतोय? बारची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या जाडीचे बार येतात आणि दुकानात दिलेला दुसऱ्याचा असतो. शॉकनंतर वरून नवीनच ठोका येत असेल तर माउंटचा मधला नट सैल आहे. आणि बदललेल्या सगळ्या जोडांत काहीच सापडत नसेल तर गाडी जमिनीवर ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग दोन बोटं इकडे-तिकडे हलवायला सांगा आणि रॅकवर हात ठेवा. रॅक फ्रेमला धरणाऱ्या रबरांतून किंवा स्टिअरिंगच्या मधल्या जोडातून येणारा ठोका सस्पेन्शनच्या आवाजासारखाच ऐकू येतो.

माझ्या गाडीला दुसरा बुश बसवून आता १४ महिने झाले. बोल्टाच्या डोक्यापासून आर्मच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे, दर सर्व्हिसिंगला ती तुटलीय का ते बघतो. अजून सरळ आहे. मागचे शॉक मात्र थकलेत, पुढच्या वर्षीच्या यादीत आहेत. तोवर मागच्या सीटवर तिघे बसले की गतिरोधकाला मी पहिला गिअर टाकतो आणि तिघांनाही आधीच सांगून ठेवतो.